त्या हमीपत्रावर सही करू नका

प्रश्न : आम्ही नागपुरात मानेवाड्यात राहतो. मुलगी २०२१ मध्ये इथल्याच एका खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगला लागली आणि २०२५ मध्ये पास झाली. आता अकाउंट्स विभाग म्हणतो, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरचे ८४,५०० रुपये बाकी आहेत. ती रक्कम शैक्षणिक कर्जातून बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये थेट विद्यापीठाला पाठवली होती. पहिल्या वर्षानंतर मुलीने सिव्हिल सोडून कॉम्प्युटर शाखा घेतली, तेव्हा तिचा एन्रोलमेंट नंबर बदलला. ‘नो ड्यूज’ नाही म्हणून डिग्री अडवली आहे, बारावीची मूळ गुणपत्रिकाही तिथेच आहे. ‘हप्त्याने भरतो असे हमीपत्र द्या, कागद घेऊन जा,’ असे क्लार्क सांगतात. पुण्याच्या कंपनीला कागदपत्रे हवीत. सही करू का?

उत्तर : करू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला ८४,५०० ही रक्कम वाटली नाही, ते हमीपत्र वाटले.

पैसे वसूल करण्याच्या दाव्याला मुदत कायद्याने साधारण तीन वर्षे असतात. फेब्रुवारी २०२२ ची फी खरोखर बाकी असती, तरी तिची मुदत २०२५ च्या सुरुवातीलाच संपली. पण मुदत संपलेले देणेही ‘मी भरीन’ असे सही करून लिहून दिले, की भारतीय करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ते नव्याने बंधनकारक होते. म्हणजे आज ज्या पैशांसाठी विद्यापीठाला कोर्टात जाणे अवघड आहे, त्याचा रस्ता तुमच्याच सहीने मोकळा होईल. तरीही मुदतीवर विसंबून राहू नका. त्याने दावा अडतो, पण ‘नो ड्यूज’चा शिक्का मिळत नाही. तो मिळेल पैसे पोचल्याच्या पुराव्यावर.

म्हणून आधी बँकेत जा. कर्जखात्याचा उतारा आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेतून पैसे पाठवल्याचा ओळख क्रमांक, घ्या. शिवाय रक्कम अमुक तारखेला विद्यापीठाच्या अमुक खात्यात जमा झाली आणि परत आली नाही, असे बँकेच्या पत्रावर लिहून घ्या. हे शेवटचे वाक्य विसरू नका, कारण ‘तुमचे पेमेंट रिटर्न झाले असेल’ हेच काउंटरवरचे पहिले उत्तर असते. माझा अंदाज असा, की पैसे जुन्या एन्रोलमेंट नंबरवर पडून आहेत किंवा कुणाच्याच नावे न चढता सस्पेन्स खात्यात आहेत. तेव्हा दोन्ही नंबरांचे लेजर, म्हणजे फी जमा-बाकीच्या खात्याचा उतारा, लेखी मागा. बाकी आहे असे जो म्हणतो, त्यानेच ती दाखवायची असते. त्यानंतरच्या प्रत्येक सेमिस्टरचे परीक्षा फॉर्म आणि हॉल तिकिटेही जोडा. इतकी वर्षे बाकी होती तर परीक्षेला बसू कसे दिले, हे त्यांना सांगावे लागेल.

अर्ज मुलीच्या नावाने, तिच्याच सहीने, कुलसचिवांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालत बसू नका, जीपीओतून स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. फोनवरच्या आश्वासनांना काही किंमत नाही.

याच कागदांवर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. बारावीच्या गुणपत्रिकेचा मुद्दा वेगळा मांडा. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घ्यायची नाहीत, असे यूजीसीने २०१८ मध्येच बजावले आहे. कुणी ग्राहक आयोगात जायला सांगेल. शिक्षणसंस्थांबाबत तिथे अधिकारक्षेत्राचाच वाद आहे, त्यात वेळ घालवू नका. समिती आणि लोकपालांकडून काम झाले नाही तर सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिकेचा विचार करू. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात मुलीने स्वतः अर्ज करावा. महिलांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही.

कंपनीला आजच मेल करा. शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका आणि तक्रारीची पोच जोडून मुदत मागा. त्यांनी नाहीच म्हटले आणि नोकरी हातची जाणार असेल, तर हमीपत्रापेक्षा पैसे भरलेले बरे. पण त्याच दिवशी, ‘ही रक्कम आम्हाला मान्य नाही, कागदपत्रे अडवल्यामुळे हरकत नोंदवून भरत आहोत, परतावा मागण्याचा हक्क राखून ठेवतो’ असे पत्र देऊन पोच घ्या. दबावाखाली दिलेले पैसे करार कायद्याच्या कलम ७२ खाली परत मागता येतात, आणि त्या वेळी हे पत्र तुमच्या हातात असायला हवे.