रंगाआधी पाण्याची वाट

पावसाळा सरत आला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत ओल, पोपडे आणि रंग हेच तीन विषय पुन्हा पुन्हा येतात. या वेळी त्यांतील चार पत्रांना उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची चार मजली, 24 सदनिकांची सोसायटी 1988 साली बांधून पूर्ण झाली. मागचा रंग आठ वर्षांपूर्वी दिला होता. आता पश्चिमेकडची भिंत काळी पडली आहे, छज्ज्यांखाली पोपडे सुटले आहेत आणि तीन घरांत आतून ओल दिसते. एका कंत्राटदाराने प्रेशरने भिंती धुऊन वर टेक्स्चर पेंट मारून देण्याची, सात वर्षांची हमी देण्याची आणि दिवाळीच्या आत काम उरकण्याची तयारी दाखवली आहे. सभासदांनाही दिवाळीला इमारत उजळलेली हवी आहे. मी काय करावे?
(सोसायटीचे सचिव, मुलुंड)

उत्तर : दिवाळीची मुदत सर्वप्रथम मनातून काढून टाकावी आणि सभेतही तसे स्पष्ट सांगावे. मुंबईतून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो, आणि चार महिने झड खाल्लेल्या भिंतीच्या पोटातील पाणी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत निघून जाईल, अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. त्या ओलीवर जाड टेक्स्चरचा थर बसवला, तर पाणी आतच कोंडते आणि डिसेंबर-जानेवारीच्या उन्हात वाफ होऊन बाहेर पडताना रंगाला फोड आणते. तेव्हा कंत्राटदार हमीपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली अट दाखवतो, की आतून येणाऱ्या ओलीला हमी लागू नाही.

काळ्या भिंतीची अनेकांना धास्ती वाटते, मला ती उपयोगी वाटते. तो काळा थर म्हणजे बहुतांशी शेवाळ आणि त्यावर बसलेली धूळ व धुराची काजळी. शेवाळ जिथे पाणी टिकते तिथेच धरते, त्यामुळे पाणी कुठून उतरते, कुठे थांबते आणि कुठे मुरते याचा नकाशाच भिंतीवर आयता उमटलेला असतो. मुंबईतील पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम व दक्षिणेच्या भिंती अधिक भिजणार हे धरूनच चालावे. मात्र खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खाली उतरलेले काळे ओघळ, गच्चीच्या कठड्याखालचा आडवा पट्टा आणि पाइपालगतची उभी रेघ या तीन खुणांचा अर्थ वेगवेगळा असतो. पहिल्या खुणेत छज्ज्याचा उतार भिंतीकडे झालेला असतो किंवा छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच बुजलेली असते, त्यामुळे थेंब खाली पडण्याऐवजी छज्ज्याच्या पोटावरून चालत भिंतीपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या खुणेत गच्चीचा कोबा आणि कठडा यांच्या सांध्यावर गवंडी जो गोलसर वाटा करतात, तो फाटलेला असतो. तिसऱ्या खुणेत पाइपाचा सांधा गळत असतो. भिंत धुण्यापूर्वी या खुणांची छायाचित्रे चारही बाजूंनी, मजल्यांच्या क्रमाने काढून ठेवावीत, कारण एकदा धुलाई झाली की हा पुरावा गेला.

त्यानंतर प्लास्टर ठोकून पाहावे. याला महागडे यंत्र लागत नाही. लाकडी मुठीच्या छोट्या हातोडीने हलकेच टकटक करत गेले, की घट्ट भिंत खणखणीत वाजते आणि सुटलेले प्लास्टर मातीचे फुटके मडके वाजावे तसे भद्द बोलते. पोकळ आवाजाच्या जागेभोवती खडूने वर्तुळ काढत जावे. कॉलम, बीम आणि छज्ज्यांच्या कडा अधिक बारकाईने तपासाव्यात. तिथे तांबूस ओघळ किंवा सळईच्या रेषेत गेलेली सरळ भेग दिसली, तर ती रंगाऱ्याच्या हाती सोपवण्याची बाब नव्हे. सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होऊ शकते, आणि ते काँक्रीटला आतून फोडते. अशा जागी काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खरवडून, गंज पूर्ण काढून, सळईला गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) भरावे लागते, आणि सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी सळई द्यावी लागते. वरून पुट्टी फासलेला गंजका छज्जा एखाद्या जुलैच्या दुपारी खाली उभ्या केलेल्या स्कूटरवर येतो. खाली माणूस नव्हता, हे नशीब मानायचे.

इथे कायद्याचाही भाग येतो. आपली इमारत 30 वर्षांच्या पुढे गेली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 353ब नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे, आणि पुढे दर दहा वर्षांनी ते पुन्हा करावे लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतील (म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांतील) अट याहून कडक आहे : 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. हे ऑडिट झालेले नसल्यास रंगाची निविदा काढूच नये. ऑडिटचा अहवाल आला की कामाची यादी अभियंता करतो आणि कंत्राटदार त्या यादीवर दर भरतो. आपल्याकडे सध्या यादीही कंत्राटदाराचीच आणि दरही त्याचाच, असा प्रकार दिसतो.

धुलाईविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रेशरची मोटार अलीकडे फारच लोकप्रिय झाली आहे. जोराचा फवारा भेगेवर किंवा खिडकीच्या चौकटीच्या सांध्यावर सरळ धरला, तर पावसाला जे जमले नव्हते ते तो पाच मिनिटांत करतो आणि पाणी थेट दिवाणखान्यात आणतो. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचे पातळ द्रावण ब्रशाने लावून, दहा-पंधरा मिनिटे थांबून, घासून, कमी दाबाच्या पाण्याने वरून खाली धुणे पुरेसे असते. हे द्रावण आणि कोणतेही ॲसिड एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला तिथून पळायलाही जागा नसते.

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून संध्याकाळी भिंतीवर घट्ट बसवावा आणि सकाळी काढावा. आतल्या बाजूला दव दिसले किंवा भिंत तेवढ्यापुरती गडद झाली असेल, तर थांबावे. ज्या तीन घरांत ओल आहे, त्यांच्या बाहेरच्या भिंतींवर ही चाचणी अवश्य करावी. भेगा भरताना त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडून, धूळ झाडून भराव्यात, आणि जिथे विटांची भिंत काँक्रीटच्या कॉलमला मिळते तिथे प्लास्टरखाली जाळी बसवावी, कारण हे दोन पदार्थ उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत व तिथली भेग नुसत्या पुट्टीने बुजत नाही. नव्या प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारावे आणि रंगासाठी साधारण चार आठवडे थांबावे. हा हिशेब केला तर रंगाचा ब्रश जानेवारीत भिंतीला लागतो, आणि मेअखेरपर्यंत हातात भरपूर दिवस उरतात.

टेक्स्चर की साधा बाह्य ॲक्रिलिक इमल्शन, या प्रश्नावर माझे मत साध्याच्या बाजूने आहे. पूर्व द्रुतगती मार्ग जवळ असलेल्या मुलुंडसारख्या ठिकाणी टेक्स्चरच्या खडबडीत पृष्ठभागावर धूळ बसते, पहिल्याच पावसात तिचे ओघळ येतात आणि पुढच्या वेळी तो थर खरवडून काढण्याचा खर्च वेगळाच.

परांची बांधण्याचा खर्च मोठा असल्याने ती उभी असेपर्यंत पाइपांचे सांधे, छज्ज्यांचे उतार, एसीच्या बाहेरच्या यंत्रांचे गंजलेले ब्रॅकेट आणि केबलवाल्यांनी पाडलेली बेवारस भोके या सगळ्यांचा निकाल लावून घ्यावा. आमच्या स्वतःच्या सोसायटीत हे कामही झाले, रंगही उत्तम झाला, पण परांची उतरवताना तिच्या आधारासाठी भिंतीत पाडलेली भोके कंत्राटदाराच्या माणसांनी कागदाचे बोळे कोंबून वरून रंग फासून बंद केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शेजघराच्या भिंतीवर ताटलीएवढा ओला डाग उमटला, आणि तो खरवडल्यावर आतून त्या वर्षीच्या मार्च महिन्याचे वर्तमानपत्र निघाले. तारीख वाचता येत होती. कामावर देखरेख मी स्वतःच करत होतो, हे सांगायला अजूनही अवघडल्यासारखे होते. तेव्हापासून मी प्रत्येक करारात दोन अटी घालायला सांगतो : परांची उतरवताना प्रत्येक मजल्यावर सोसायटीचा एक माणूस हजर राहील, आणि बिलाच्या पाच ते दहा टक्के रक्कम पुढचा एक पूर्ण पावसाळा उलटल्यावरच दिली जाईल. सात वर्षांच्या हमीपेक्षा या राखून ठेवलेल्या रकमेवर माझा अधिक विश्वास आहे.

प्रश्न : मी दादरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. माझ्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीत, सांडपाण्याच्या पाइपाजवळ, पिंपळ उगवला आहे. दोन वेळा कापला, तरी पुन्हा अधिक जोमाने वाढला. सोसायटी म्हणते, न्हाणीघर तुमचे, खर्च तुमचा. हे बरोबर आहे का?
(एक ज्येष्ठ वाचक भगिनी, दादर)

उत्तर : बरोबर नाही. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, बाहेरचे सामाईक पाइप आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांची दुरुस्ती व देखभाल, तसेच त्यांतून होणारी गळती थांबवणे, हे संस्थेचे काम आहे. आपल्या न्हाणीघरातील फरशी किंवा आतील नळ गळत असेल, तर तेवढा खर्च आपला. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान 0.75 टक्के दराने दुरुस्ती व देखभाल निधीची वर्गणी घेतली जाते, ती याच कामांसाठी. सचिवांना लेखी अर्ज द्यावा, सोबत छायाचित्र जोडावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विनंतीला सोसायटीत वय नसते, ती कायम नवीनच असते. अर्जाला दाद मिळाली नाही, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

आता पिंपळाविषयी. पिंपळाची फळे पक्षी खातात, बी त्यांच्या विष्ठेतून भेगेत पडते, आणि जिथे ओल कायम असते तिथेच ते रुजते. आपल्या भिंतीवरचा पिंपळ पाइपाच्या गळक्या सांध्यावर पोसला जात आहे, हे जवळपास निश्चित समजावे. वरचेवर कापल्याने खोड जाड होते आणि मुळे भेग रुंद करत आत जातात. त्यामुळे मुळाभोवतीचे प्लास्टर फोडून, विटांच्या सांध्यातून मूळ जेवढे निघेल तेवढे ओढून काढावे, उरलेला बुंधा मारण्यासाठी जाणकाराकडून औषध लावून घ्यावे, तो पूर्ण सुकला याची खात्री झाल्यावर पोकळी मॉर्टरने भरावी आणि त्याच वेळी पाइपाचा सांधा बदलावा. सांधा तसाच ठेवला, तर पुढच्या वर्षी त्याच जागी वड येईल. काही कामगार पिंपळाला हात लावायला कचरतात. हातभर वाढलेले रोप पावसात मुळासकट काढून मोकळ्या जमिनीत लावले तर ते बहुधा जगते, असे सांगितले की त्यांची तयारी होते.

प्रश्न : वरळी कोळीवाड्यात आमचे एकमजली घर आहे. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना दरवर्षी रंग देतो, तरी वर्षभरात गंज फुटतो. स्टीलच्या जाळ्या बसवल्या तर प्रश्न सुटेल का?
(एक वाचक, वरळी)

उत्तर : कोणते स्टील, यावर ते अवलंबून आहे. समुद्राच्या वाऱ्यातील क्षार लोखंडावर बसून ओल धरून ठेवतात. आपण दरवर्षी रंग देता, पण जुन्या गंजावर व त्या क्षारांवरच देत असाल, तर गंज रंगाखाली वाढत राहतो. जाळी आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी, तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने लोखंडाची चमक दिसेपर्यंत घासावी, त्याच दिवशी प्रायमर द्यावा आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. वेल्डिंगचे सांधे आणि जाळी भिंतीत शिरते ती जागा या दोन ठिकाणी गंज आधी धरतो, तिथे ब्रशाने दाबून रंग भरावा.

स्टील घ्यायचे असेल तर 316 प्रतीचे घ्यावे. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते क्षाराला अधिक दाद देत नाही. नेहमी मिळणाऱ्या 304 वर समुद्राकाठी चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटतात, आणि 202 तर त्याहून लवकर खराब होते. लोहचुंबक लावून पाहण्याचा दुकानातील खटाटोप इथे निरुपयोगी आहे, कारण तिन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. पक्क्या बिलावर प्रत लिहून घ्यावी. स्टील बसवल्यावरही महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणे चुकत नाही.

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ शंभर वर्षांची आहे. बाहेरच्या चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे पडत आहेत. भाडेकरूंनी वर्गणी काढून सिमेंटचे प्लास्टर करून घ्यावे का?
(एक भाडेकरू, गिरगाव)

उत्तर : सिमेंटचे नको. चुन्याची भिंत पाणी घेते आणि बाहेर सोडतेही, तिच्यावर घट्ट सिमेंट बसवले की ओल आतल्या बाजूला वळते आणि तुळयांची लाकडे कुजतात. गिलावा चुन्याचाच करावा. वर्गणी काढण्यापूर्वी चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर लागू असलेली, आहे का ते तपासावे. शहर भागातील 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या भाडेकरू इमारती बहुधा त्यात मोडतात, आणि त्यांच्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. तिथे अर्ज करावा. दरम्यान सज्जाचा एखादा भाग झुकलेला किंवा लाकूड भुसभुशीत झालेले दिसत असेल, तर त्याखालून ये-जा बंद करून महापालिकेच्या 1916 या क्रमांकावर कळवावे आणि त्या सज्जावरील पाण्याची पिंपे व कुंड्या आजच खाली उतरवाव्यात.