आधी गोडाऊन रिकामं करा, मोठ्या घराचं नंतर बघू

नमस्कार,

तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेली वस्तूंची यादी, दोन्ही सावकाश वाचलं. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही तिघं तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहता. तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिच्या घरातलं सामान कुठे ठेवायचं हे ठरेना, म्हणून एक गोडाऊन भाड्याने घेतलं. ते अजून चालू आहे. घरातली तिसरी खोलीही पसाऱ्याने भरली आहे आणि चौदा वर्षांच्या मुलीला अभ्यासाला स्वतंत्र जागा नाही. एक मोठं घर तुमच्या पाहण्यात आलंय आणि घरमालकाला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. यजमानांना ते घर घ्यावंसं वाटतं. तुम्हाला मात्र रात्री झोप लागत नाही तेव्हा सगळं विकून मोकळं व्हावं, मोजक्या पण चांगल्या वस्तू नव्याने घ्याव्यात असं वाटतं. तुम्ही विचारलंय, यातलं पैशाच्या दृष्टीने काय बरोबर?

माझं उत्तर असं आहे की मोठं घर आत्ता घेऊ नका. वस्तू जरूर कमी करा, पण त्या विकून पैसे येतील या आशेवर नको. वस्तू कमी केल्याने दरमहाचं एखादं बिल कायमचं बंद होणार असेल, तरच त्यातून खरा पैसा वाचतो. तुमच्याकडे असं एक बिल आज चालू आहे आणि दुसरं सुरू व्हायच्या बेतात आहे.

आता आकडे बघू. तुमचं महिन्याचं उत्पन्न १०० धरलं, तर घरभाडं २५ आणि गोडाऊनचं भाडं ४ आहे. नव्या घराचं भाडं ३५. तुम्ही लिहिलंय, 'गोडाऊन सुटेल, म्हणजे फक्त ६ जास्त लागतील, तेवढे कसेबसे काढू.' हा हिशोब आजच्या २९ पासून मोजलेला आहे. पण २९ मधले ४ तुम्ही मोठं घर न घेताही वाचवू शकता. म्हणून खरी तुलना ३५ आणि २५ यांच्यात आहे, आणि फरक ६ नव्हे, १० आहे. दहा वर्षांत हा फरक बारा महिन्यांच्या उत्पन्नाएवढा होतो, आणि भाडं दरवर्षी वाढतं हे मी यात धरलेलंच नाही. हेच १० दरमहा गुंतवले आणि वर्षाला ८ टक्के परतावा मिळाला असं मानलं (हे केवळ गृहीतक आहे, हमी नाही), तर दहा वर्षांनी साधारण अठरा महिन्यांचं उत्पन्न हाताशी असेल.

हे वाचून मुलीच्या खोलीचं काय, असं तुमच्या मनात येईल. तो प्रश्न मी बाजूला सारत नाहीये. मुलगी मोठी होतेय, तिला दार लावून बसता येईल अशी जागा मिळायलाच हवी, आणि पुढच्या काही वर्षांत तिला ती आजच्यापेक्षा जास्तच लागेल. पण ती खोली तुमच्या घरात आहे. तिचं भाडंही तुम्ही दर महिन्याला भरता. फक्त त्या खोलीत सध्या ट्रेडमिल, पुस्तकांची खोकी आणि न लागणाऱ्या वस्तू राहतात.

गोडाऊनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. यादीत गोडाऊनमधल्या सामानाची तुम्ही धरलेली किंमत १५० आहे, म्हणजे दीड महिन्याचं उत्पन्न. मी ती यादी ओळीनं तपासली. जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या, दोन कपाटं, शिलाई मशीन, जुना फ्रिज, भांड्यांची खोकी, पडदे, गाद्या. बहुतेक ठिकाणी तुम्ही खरेदीची किंमत डोळ्यासमोर ठेवून थोडी वजावट केली आहे. वापरलेल्या सामानाचा बाजार असा चालत नाही. तिथे वस्तू आज हलवायला किती त्रासाची आहे आणि आज तिला गिऱ्हाईक आहे का, एवढंच पाहिलं जातं. गाद्या आणि पडदे कुणी विकत घेणार नाही. फ्रिज उचलून नेणारा भेटला तरी पुष्कळ. टेबल, कपाटं आणि मशीन यांचे पैसे येतील. सगळं मिळून ६० आले तर चांगला सौदा झाला असं मी म्हणेन.

आपल्या वस्तूची किंमत आपल्याला जास्त वाटते, यात तुमचं काही चुकलेलं नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि ते किती किमतीला विकाल असं विचारलं. ज्यांच्या हातात मग नव्हता त्यांना किती किमतीला घ्याल असं विचारलं. विकणाऱ्यांचा भाव घेणाऱ्यांच्या भावाच्या दुपटीहून जास्त निघाला. विकणाऱ्यांच्या हातात तो मग येऊन काही मिनिटंच झाली होती. तुमच्या यादीत तर आईच्या हाताखालून गेलेल्या वस्तू आहेत.

तर किंमत ६० आणि भाडं दरमहा ४. म्हणजे पंधरा महिन्यांचं भाडं त्या सगळ्या सामानाची किंमत खाऊन टाकतं. तुम्ही तीन वर्षांत १४४ भरलेत, सामानाच्या आजच्या किमतीच्या जवळजवळ अडीचपट. ते पैसे गेले आणि परत येणार नाहीत. 'इतकं भाडं भरलंय, आता कशाला टाकायचं' हा विचार मनात आला, तर फक्त पुढच्या पंधरा महिन्यांचा हिशोब समोर ठेवा.

आवरायला बसलेली बहुतेक माणसं आधी कपड्यांचं कपाट उघडतात, आणि तुमच्याही पत्रात तसाच बेत दिसतो. घर मोकळं वाटतं, मन हलकं होतं, पण बिलात काहीच फरक पडत नाही. गोडाऊनचंही तसंच आहे. अर्धं रिकामं केलं तरी भाडं पूर्णच द्यावं लागतं. शेवटचं खोकं बाहेर निघून किल्ली परत जाईल तेव्हाच ते ४ वाचतात. म्हणून सुरुवात गोडाऊनपासून करा आणि आधी तारीख ठरवा. करारात किती दिवसांची नोटीस आहे ते पाहून ती याच आठवड्यात द्या. तारीख ठरली की निर्णय आपोआप होत जातात. ती ठरली नाही, तर तीन वर्षांत जे झालं तेच पुढेही चालू राहील.

एक धोका आहे. गोडाऊनमधलं सामान तिसऱ्या खोलीत येऊन बसलं, तर भाडं वाचेल पण मुलीची जागा जाईल, आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा मोठ्या घराच्या शोधात असाल. म्हणून गोडाऊनमधून घरात येईल ते एका कपाटात मावेल तेवढंच, असा नियम दोघांनी मिळून करा. कुठलं कपाट तेही आधीच ठरवा. आईच्या वस्तूंतून काय ठेवायचं हे मी सांगणार नाही, तो अधिकार फक्त तुमचा. एवढंच सुचवते की ज्या वस्तू ठेववत नाहीत आणि टाकवतही नाहीत, त्यांचे नीट फोटो काढा. कॅरन विंटरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत त्यांनी वस्तू देऊन टाकण्याचं आवाहन केलं. देण्याआधी आठवण म्हणून फोटो काढून ठेवा असं जिथे सुचवलं होतं, तिथे जास्त वस्तू जमा झाल्या. जीव वस्तूतल्या आठवणीत गुंतलेला असतो, आणि आठवण सांभाळली जातेय याची खात्री पटली की हात मोकळा होतो.

खोकी उघडताना घाई करू नका. कागदपत्रं वेगळी काढा. जुन्या विमा पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, मालमत्तेचे कागद, वैद्यकीय फाइली अशाच ठिकाणी दबून राहतात, आणि एखादी विसरलेली ठेव त्या टेबलापेक्षा मोलाची निघू शकते. जुने फोन आणि हार्ड डिस्क देण्याआधी त्यांतली माहिती कायमची पुसा.

आता क्रेडिट कार्डाकडे येते. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय, पण माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कार्डावर १०० थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि तुम्ही दरमहा ५ भरता. त्यातले पहिल्या महिन्यात ३ व्याजातच जातात. नवीन खरेदी एकही केली नाही तरी या गतीने कर्ज फिटायला ३१ महिने लागतील. गोडाऊन बंद करून वाचलेले ४ त्यात घातले, म्हणजे दरमहा ९ भरले, तर सगळं १४ महिन्यांत संपेल. यात सामान विकून एक पैसाही आला नाही असं मी धरलंय. वाहतूक आणि तुमच्या भावाचा वाटा (त्याच्याबद्दल शेवटी लिहिते) वजा जाऊन विक्रीतून ४० हातात आले आणि तेही कार्डात भरले, तर आठच महिने लागतील. म्हणून टेबलाला मनासारखा भाव येईना म्हणून आणखी दोन महिने थांबायचा मोह झाला, तर थांबू नका. त्या दोन महिन्यांचं भाडंच ८ होतं.

'सगळं विकून मोजक्या चांगल्या वस्तू घ्याव्यात' या विचाराला म्हणूनच मी आत्ता नाही म्हणते. महिन्याला ३ टक्के व्याज डोक्यावर असताना नवी खरेदी नको. शिवाय नवी वस्तू एकटी येत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देनी दिदेरो यांनी १७६९ मध्ये असा अनुभव लिहून ठेवलाय. त्यांच्याकडे एक सुंदर लाल झगा आला, त्याच्याशेजारी खोलीतलं बाकी सगळं जुनाट दिसू लागलं, आणि खुर्ची, मेज, भिंतीवरची चित्रं असं एकेक बदलत गेलं. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८ मध्ये या ओढीला 'दिदेरो परिणाम' असं नाव दिलं. मोठ्या घरातही हेच होईल. रिकाम्या खोलीला पडदे लागतील, मग दिवे, मग एक सोफा.

सगळंच विकू नका, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. यजमानांचा कॅमेरा आणि तीन लेन्स तुम्ही विक्रीच्या रकान्यात टाकल्यात. पण त्याच पत्रात लिहिलंय की गेल्या वर्षी त्यांनी त्यावर चार कामं केली आणि अर्ध्या महिन्याच्या उत्पन्नाएवढे पैसे मिळाले. जी वस्तू कमावते ती ठेवायची. ट्रेडमिल मात्र जाऊ द्या. तिच्यावर वाळत घातलेले कपडे आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

यादीतली आणखी एक ओळ मला बराच वेळ दिसत राहिली. 'ड्रिल मशीन – ३.' तीन ड्रिल कुणी हौसेने घेत नाही. पहिलं सापडलं नाही म्हणून दुसरं आलं, तेही पसाऱ्यात गेलं म्हणून तिसरं. यादीत पुढे कात्र्या, चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड यांचंही तेच दिसतं. ही गळती कुठल्याच बिलात दिसत नाही, पण कार्डाच्या थकबाकीत तिचा वाटा नक्की आहे. कार्डाची गेल्या वर्षभराची स्टेटमेंट्स काढा आणि घरात आधीच असलेली वस्तू पुन्हा किती वेळा घेतली ते यजमानांसोबत बसून बघा. वाद घालायला नको, फक्त बघा. मोठं घर हवं की नको या चर्चेत याची तुम्हाला मदत होईल.

महिनाअखेरची मुदत तुमची नाही, घरमालकाची आहे. हे घर गेलं तर दुसरं मिळेल. सहा महिने थांबा. गोडाऊन बंद झालंय, तिसऱ्या खोलीत मुलीचं टेबल लागलंय आणि तरीही तिघांना खरोखर जागा पुरत नाही असं दिसलं, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मोठ्या घराचा विचार मी मोकळ्या मनाने करेन. सामान राहील म्हणून जास्त भाडं देणं मला पटत नाही. माणसं राहतील म्हणून दिलं तर पटेल.

कार्ड फिटलं की ते ९ खर्चात विरघळू देऊ नका. त्याच तारखेला ते वेगळ्या खात्यात जातील अशी सोय करा, तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम जमेपर्यंत. गुंतवणुकीचं त्यानंतर.

राहिला तुमच्या भावाचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की त्याला काहीच नको आहे, पण काही विकायचंही नाही. आईच्या सामानात त्याचाही हक्क आहे, म्हणून त्याला न सांगता काही विकू नका. पण त्याच्या भावनेचं भाडं तीन वर्षं एकट्या तुम्ही भरताय, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नाही. त्याला फोनवर सांगू नका, लिहून कळवा. आजवर भरलेलं भाडं, सामानाची यादी आणि फोटो, गोडाऊन सोडायची तारीख, आणि त्याला हवं असेल ते त्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेऊन जाण्याची विनंती. त्याला सामान ठेवायचंच असेल तर गोडाऊनचा करार त्याच्या नावावर करून द्या. विक्रीचे जे पैसे येतील त्यातला त्याचा वाटा पावतीसह पाठवा. नोटीस देण्याआधी हे पत्र गेलेलं बरं, म्हणून ते आजच लिहायला घ्या.