हात पुढे करायच्या आधी...

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न अनोळखी कुत्र्याजवळ जावं कसं याच विषयावरचे आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतले.

प्रश्न: ताई, मला कुत्री प्रचंड आवडतात, कोणी कुत्रा फिरवताना दिसलं की माझा पायच निघत नाही. आधी हात नाकासमोर धरायचा, हुंगू द्यायचं आणि मग डोक्यावरून हात फिरवायचा, असंच मी करते. परवा मात्र एक कुत्रा हात पुढे केल्या केल्या मागे सरकला आणि हवेतच चावा घेतला. असं का झालं?

उत्तर: हात हुंगायला द्या हे आपल्याला सगळ्यांनाच शिकवलेलं असतं, पण हल्ली बरेच ट्रेनर याला नकोच म्हणतात. कुत्र्याचं नाक एवढं तिखट असतं की तुम्ही चार-पाच फुटांवर उभ्या असता तेव्हाच तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचलेला असतो, त्यासाठी हात तोंडाशी न्यायची गरजच नाही. उलट त्याच्या बाजूने बघा, गळ्यात पट्टा, मागे पळायला जागा नाही आणि समोरून एक हात थेट थोबाडावर येतोय. लिफ्टमध्ये कोणी अनोळखी माणूस एकदम आपला गालगुच्चा घ्यायला लागला तर आपण पण मागेच सरकू ना! हवेत चावा घेतला म्हणजे त्याने तुम्हाला लांब राहा असं सांगितलं, खरंच चावायचं असतं तर एवढ्या जवळून कुत्र्याचा नेम सहसा चुकत नाही.

आता करायचं काय, तर पहिल्यांदा मालकाला विचारा, आणि "हो हो, काही करत नाही तो" असं उत्तर आलं तरी ते अर्धंच उत्तर समजा (हे वाक्य जगातला प्रत्येक कुत्रेवाला म्हणतो, ज्याचा कुत्रा खरंच काही करत नाही तोही आणि दुसराही). उरलेलं अर्धं उत्तर कुत्रा देणार. तुम्ही दोन-तीन पावलं लांब थांबा, त्याच्यासमोर छाती काढून उभं न राहता जरा तिरकं उभं राहा, हात खाली सोडलेले, नजर त्याच्या डोळ्यात नाही तर इकडे तिकडे, आणि मालकाशी गप्पा मारा. टक लावून बघणं आपल्याला प्रेमाचं वाटतं पण अनोळखी माणसाने तसं बघितलं तर कुत्र्याला ती धमकी वाटू शकते. वरून वाकणं पण तसंच. तो स्वतःहून आला, अंग सैल आहे, हुंगतोय, मागचा भाग सगळा डुलतोय, तर झालं काम. नाही आला तर तो 'नाही' म्हणाला, विषय संपला, चुचकारून चुचकारून बोलवायचं नाही.

आल्यावरसुद्धा डोक्यावर थोपटू नका. छातीवर, खांद्यावर किंवा मानेच्या बाजूला हळूच खाजवा, दोन-तीन सेकंदच, आणि हात काढून घ्या. बघा काय करतो. परत अंगाला अंग लावलं, हाताखाली डोकं घातलं तर त्याला अजून हवंय. नुसता उभा राहिला, मान फिरवली, अंग झटकलं किंवा निघून गेला तर पुरे. मला विचाराल तर हे हात काढून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

प्रश्न: शेपूट हलवत होता म्हणून जवळ गेलो तर अंगावरच आला. शेपूट हलवणं म्हणजे खूश असणं ना?

उत्तर: नाही हो, याच गैरसमजातून खूप लोक चावून घेतात. शेपूट हलते म्हणजे कुत्रा आतून हललेला आहे एवढंच, मग आनंदाने असो नाहीतर रागाने. सैल, रुंद झोके घेणारी शेपूट आणि बरोबर डुलणारं अंग ठीक, पण शेपूट वर ताठ, नुसतं टोक भरभर हलतंय, अंग लाकडासारखं कडक आणि तोंड घट्ट मिटलेलं, तर लांबच बरे. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी 30 पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता, त्यात मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकायची आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. वाचायला मजा वाटते, पण रस्त्यावर उभं राहून डावी-उजवी मोजत बसू नका.

शेपटीपेक्षा तोंडाकडे बघायची सवय लावा. समोर खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान दुसरीकडे वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो, कान मागे चिकटलेले, हे सगळं 'मला जमत नाहीये' असं सांगणं असतं. एकदम थिजला, हालचालच बंद झाली, तर ते गुरगुरण्याइतकंच गंभीर घ्या. आणि गुरगुरला तर मालकाने त्याला फटका देऊ नये, कारण गुरगुरणं बंद झालं तरी भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी इशारा न देता थेट दात लागतो.

प्रश्न: माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, कुत्रा दिसला की धावत जाऊन गळ्यात पडतो. ओरडू का त्याला?

उत्तर: ओरडून तो कुत्र्यांना घाबरायला लागेल, तेही नको. पण मिठी मात्र बंदच, बऱ्याच कुत्र्यांना मिठीत अडकल्यासारखं होतं आणि लहान मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडासमोर असतं, म्हणून मुलांना चेहऱ्यावर चावे जास्त बसतात. त्याला एक नियम द्या, आधी आईला विचारायचं, मग मालकाला, मग कुत्रा येईपर्यंत थांबायचं. खाणारा, झोपलेला, पिल्लांजवळची कुत्री, बांधलेला किंवा गाडीत-गेटच्या आत असलेला कुत्रा, यांना हात लावायचाच नाही, तिथे विचारायचं पण नाही. आणि तुम्ही शेजारी हात पोचेल एवढ्या अंतरावर हव्या, मोबाईल पर्समध्ये.

प्रश्न: जॉगिंग करताना मोकळा कुत्रा मागे लागतो, काय करू?

उत्तर: पळणं थांबवा. पळणाऱ्याच्या मागे जाणं त्याच्या रक्तातच आहे. उभे राहा, हात अंगाशी, आरडाओरडा नाही, नजर खाली, तो हुंगून बाजूला झाला की पाठ न दाखवता हळूहळू निघा. पडलातच तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. दात किंवा नख लागून ओरखडा जरी आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, जखमेवर घरातलं काहीबाही चोपडू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की जवळजवळ कोणी वाचत नाही, लस वेळेत घेतली तर रोग टळतो.

प्रश्न: माझ्या कुत्रीला अनोळखी लोकांनी हात लावलेला आवडत नाही, पण लोक ऐकतच नाहीत, "मला सगळी कुत्री ओळखतात" म्हणत येतात.

उत्तर: अशा लोकांना तर मी लांबूनच ओळखते! काही देशांत पट्ट्याला पिवळी रिबन बांधतात, म्हणजे 'जवळ येऊ नका', पण ज्याला हे माहीतच नाही तो म्हणणार काय छान रिबन आहे आणि येणारच. त्यापेक्षा तुम्ही तिच्यात आणि त्या माणसात उभ्या राहा, हात आडवा करून सरळ "नको, तिला आवडत नाही" म्हणा आणि चालायला लागा. सॉरी-बिरी म्हणत थांबू नका, थांबलात की तो हात पुढे करतोच. फारच चिकट असेल तर "ट्रेनिंग चालू आहे" म्हणा, का कोण जाणे पण हे ऐकल्यावर लोक लगेच मागे होतात.