ब्रिज हंबकर: १६ के घ्यायच्या आधी वायरी बघा

‘नवीन ब्रिज हंबकर बसवला तरी आवाज पत्र्यासारखा, वर घरघर. हा १३ केचा आहे, आता १६ केचा घेऊ का?’ तुमचा प्रश्न वाचला आणि माझे गेलेले पैसे आठवले. एवढ्यात काही घेऊ नका. (नवख्यांसाठी: हंबकर म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा कंप पकडणारा दोन कॉइलचा पिकअप, ब्रिज हंबकर म्हणजे ब्रिजजवळचा, आणि के म्हणजे किलोओहम, कॉइलचा रेझिस्टन्स.)

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, आजूबाजूला यंत्रमाग. हौसेनं डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा हंबकर मागवला आणि एका दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतला (नाव विचारू नका, माणूस एरवी चांगला आहे). घरी अँपला लावला तर खर्ज गायब, आवाज नाकातून आल्यासारखा, आणि घरघर पहिल्यापेक्षा जास्त. परत गेलो. त्यानं मल्टीमीटर लावला, आकडा १३ केच्या पुढे, म्हणजे बरोबर. स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही कॉइलवर टकटक केली, दोन्ही बोलल्या. म्हणाला, ‘पिकअप ठणठणीत आहे. तुमच्याकडं मागाच्या मोटरी आहेत ना, त्याचं आहे ते.’ मलाही पटलं. एकदा संध्याकाळी लाइट गेली, माग थांबले, बॅटरीवरचा छोटा अँप लावला तर घरघर नाही. झाला पुरावा! लाइटच गेल्यावर घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही जाणार, हे डोक्यातच आलं नाही. आणि खर्ज तर तेव्हाही नव्हता की.

शेवटी निम्म्या किमतीत विकला. आठवड्यानं घेणाऱ्याचा फोन: ‘दादा, काय दणका आहे ह्याला! विकलात कशाला?’ त्यानं लाल वायर हॉट (सिग्नल नेणारी), काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला अशी जोडणी केली होती. डिमार्झिओचे रंग असेच आहेत. सेमूर डंकन या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट आणि लाल-पांढरी एकत्र. आमच्या माणसाच्या हाताला डंकनची सवय, त्यामुळे एक कॉइल उलटी लागली. तारांचा आवाज दोन्ही कॉइल मिळून एकमेकांचा खाणार आणि घरघरीची मात्र बेरीज होणार. ओहम तेवढेच दिसतात, कारण कॉइल तरीही सिरीजमध्येच (एकीला पुढं दुसरी) असतात. ओहमच्या आकड्यातून फेज, म्हणजे कॉइल सुलटी की उलटी, कळत नाही. टकटकीनंही नाही.

आता तुमच्या केबद्दल. तो आकडा आवाजाचं वजन सांगत नाही. बारीक तारेचे वेढे असले की रेझिस्टन्स वाढतो, एवढंच. डंकनचा जेबी हा हंबकर १६ केच्या आसपास, अल्निको ५ चुंबकाचा. सुपर डिस्टॉर्शन १३-१४ के, पण सिरॅमिक चुंबकाचा, आणि जोरात कमी नाही. १९५७ पासून गिब्सन गिटारांवर आलेले पीएएफ नावाचे जुने हंबकर साधारण साडेसात ते नऊ के, त्यांवर लोकांनी काय काय वाजवलंय. माझं मत विचाराल तर ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यानं मध्यम आउटपुटचा अल्निको घ्यावा, गेन पेडलवर वाढवता येतो. मेटलवाले वेगळं सांगतील. मी मेटल वाजवत नाही, त्यांचं ऐका.

वायरी बरोबर निघाल्या आणि आवाज नुसता मंद असेल तर पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे रेझिस्टर) बघा. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये २५० केचे असतात, हंबकरला ५०० केचे लावतात. पिकअपची उंचीही बघा: शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पोलपीसमध्ये (पिकअपवरचा तारेखालचा लोखंडी खिळा किंवा स्क्रू) दीड ते दोन मिलिमीटर, तिथून कानानं. गिटार फेंडर स्ट्रॅटसारखी किंवा फ्लॉइड रोज ट्रेमोलो ब्रिजची असेल तर यापुढं ब्रिजचा पिकअप घ्याल तो रुंद स्पेसिंगचाच मागवा, म्हणजे पोलपीस तारांच्या खाली बसतात. आणि एप्रिल-मेमध्ये गिटार बंद गाडीत ठेवून सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाऊ नका. मी गेलोय, नेक पाहून रडू आलं होतं.

मी इंजिनिअर नाही, तेव्हा माझ्या शब्दावर सोल्डरिंग गन तापवू नका. तुमच्या पिकअपची कंपनी लिहा, आणि कंट्रोल कॅव्हिटी (बटणांच्या वायरिंगची खोबण) उघडून फोटो टाका. कुठल्या दोन वायरी एकत्र करून टेप गुंडाळलीय ते स्पष्ट दिसू द्या.