ताजमहाल पाहून झालाय. मग औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहण्यासारखा आहे का? किती वेळ ठेवावा?

पाहण्यासारखा आहे. फक्त ‘गरिबांचा ताज’ हे बिरुद डोक्यात घेऊन जाऊ नका. ते चिकटवणारे सहसा फाटकातून सरळ चबुतऱ्यापर्यंत चालतात, फोटो काढतात आणि परततात.

दक्षिणेच्या दरवाजातच आधी थांबा. दारावरच्या पितळी पत्र्यावरची वेलबुट्टी बघा. याच दारावरच्या लेखात स्थपती अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा, आणि ताजच्या रचनेचं श्रेय याच लाहोरींना दिलं जातं. बापाच्या घरातली शैली मुलाने वापरली तर तिला नक्कल म्हणायचं?

दुसरं, ‘आझमशहाने आईसाठी बांधला’ हे वाक्य. यावरून माझे अनेकांशी खटके उडालेत. ही आई म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, तिचीच कबर इथे आहे; ती १६५७ मध्ये वारली. त्यांचा मुलगा आझम जन्मला १६५३ मध्ये. बांधकाम १६६१ च्या सुमारास संपलं. आठ वर्षांच्या पोराने काय बांधलं असेल? सत्ता आणि तिजोरी औरंगजेबाची होती. आझमचा हात लागला असेल तर पुढे डागडुजीत.

आता मुख्य मुद्दा, भिंती. संगमरवर आहे तो खालच्या पट्टीला आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. ओळखायचं कसं? खालच्या पट्टीत दगडांचे सांधे दिसतात, वर एकसंध पांढरा पृष्ठभाग आणि त्यात उठावाची नक्षी. तिरप्या उन्हात फरक चटकन कळतो. पावसाचं पाणी मुरून गिलावा फुगतो, शेवाळाने काळवंडतो, मग पापुद्रा सुटतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते आणि शेजारचा चांगला गिलावाही जातो. हात लावू नका, टिचकी मारून तर मुळीच बघू नका.

बाग चारबाग पद्धतीची, म्हणजे चार भागांत विभागलेली; आवार साधारण ४५८ × २७५ मीटर. मधल्या हौदांच्या रांगेवरून जा, पण परतताना पूर्वेकडून या. पश्चिमेला चबुतऱ्यावर निजामाच्या काळात जोडलेली मशीद तोल बिघडवते, पूर्वेकडून ती मकबऱ्याआड जाते. कारंजी चालू दिसतील ही आशा नको. आत कबर खालच्या पातळीवर आहे, भोवती संगमरवरी अष्टकोनी जाळी. वरूनच बघायची, नाणी टाकायची नाहीत.

वेळ दोन तास. दर्शनी बाजू दक्षिणेची, म्हणून हिवाळ्यात दिवसभर उजेड. मे अखेरीस भर दुपारी सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला सरकतो आणि तीच बाजू सावलीत जाते, फोटो मळकट येतात.

आणि हो, मिनार घुमटाच्या फार जवळ आलेत, त्यामुळे इमारत दाटल्यासारखी वाटते. प्रमाणबद्धतेत ताज उजवाच.