फुटली की फोडली?

प्रश्न असा आला: पुस्तिकेत 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस'ला (म्हणजे गुन्हेगाराने पीडिताला सामोरं जाऊन केलेलं नुकसान भरून द्यायची पद्धत) 'पुनर्संचयित न्याय' म्हणावं का, आणि त्यात गुन्हेगाराकडून जे अपेक्षित असतं त्याला 'गुन्ह्याची कबुली' चालेल का?

पहिलं झटकन. 'पुनर्संचयित' हे यंत्राचं भाषांतर दिसतं. शेवटी '-इत' लागला की अर्थ होतो पूर्वपदाला आणलेला न्याय. इथे न्यायच पूर्वपदाला आणणार आहे, म्हणून 'पुनःस्थापक'. (पुढे 'स' आहे, तेव्हा रफार नको, विसर्ग हवा. 'पुनर्वसन' बघून सगळीकडे 'पुनर्' चिकटवायची खोड आहे आपल्याला.)

'कबुली' मात्र नको. ती कोर्टापुढे दिली की संपते, बरेचदा शिक्षा कमी व्हावी म्हणूनच दिलेली असते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा गावी 1974 साली दोन तरुणांनी 22 ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, खिडक्या फोडल्या. गुन्हा त्यांनी कबूल केलाच होता. पण मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने (तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्या) सुचवलं, न्यायाधीशांनी मानलं, आणि त्या दोघांना दारोदार जाऊन नुकसान झालेल्यांपुढे उभं राहावं लागलं, भरपाईही द्यावी लागली. या पद्धतीची आधुनिक सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात.

अशा दारात मराठी माणूस काय म्हणेल? 'काच फुटली हो', 'हातून झालं', 'दारूच्या भरात घडलं'. फुटणे, होणे, घडणे: सगळी अकर्मक क्रियापदं, करणारा कुठेच नाही. 'मी तुमची काच फोडली' म्हणताना 'मी'ही येतो आणि 'तुमची'ही. त्या माणसाला पोहोचवायचं असतं ते या वाक्यापर्यंत. पुढचं काम सांगायला आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, निस्तरणे. 'केलंस ना, आता तूच निस्तर' यात ओरडा आहे, पण सुटका नाही, हे मला आवडतं. मथळ्याला 'जबाबदारी घेणे' ठेवा, मजकुरात 'केलेलं निस्तरणे' येऊ द्या.

'तडजोड' टाळाच. महाराष्ट्रात 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत तो शब्द शोभतो, कारण बांधाच्या भांडणात दोघेही थोडं सोडतात. ज्याची काच फुटली त्याने काय सोडायचं?

आणि 'माफी मागणे' गुन्हेगाराच्या कामांत लिहा, 'माफी मिळवणे' लिहू नका. माफ करायचं की नाही, हे पीडिताने ठरवायचं.