मोहरं जास्त असताना हार का मानली?

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत रॉबर्ट बर्न यांनी एक मोहरं जास्त असूनही बॉबी फिशरसमोर डाव सोडला, असं वाचलं. हे कसं शक्य आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर : शक्य आहे, आणि १९६३-६४ च्या त्या स्पर्धेतला हा डाव मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मांडून घेतो. वीस वर्षांच्या फिशरने तेव्हा अकराच्या अकरा डाव जिंकले होते.

सगळी गंमत अठराव्या चालीत आहे. फिशरच्या काळ्या घोड्याला डी-१ (उभी ओळ डी, आडवी ओळ १) वरचा हत्ती फुकट मिळत होता. फिशरने तो सोडला आणि जी-२ चा उंट मारला! कारण राजाभोवतीची पांढरी घरं तोच एकटा उंट राखत होता. पुढे एक प्यादं देऊन स्वतःच्या उंटाचा तिरपा रस्ता मोकळा केला आणि एकविसाव्या चालीला वजीर शांतपणे डी-७ वर ठेवला.

बर्न यांनी तिथेच हार मानली. प्रेक्षकांना डाव समजावणाऱ्या दोन्ही ग्रँडमास्टरांना तर बर्नच जिंकतायत असं वाटत होतं.

आता पांढरा वजीर एफ-२ हा बचाव करून बघा. काळा वजीर एच-३ शह, पांढरा राजा जी-१, मग काळा हत्ती थेट ई-१ वर शह! तो हत्ती मारला की काळा उंट डी-४ चा घोडा घेतो. मग मात तरी होते किंवा वजीर तरी जातो. हे सगळं पटावर घडण्याआधीच बर्न यांना दिसलं. मला त्यांच्याबद्दलही तितकाच आदर वाटतो.